पणजोबांचा खोतीचा दावा खरंच विलायतेत गेला होता का? जुने खटले शोधायचे कसे?

तांबडी_माती | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. माझ्या पणजोबांनी खोतीच्या (म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याच्या वतनी हक्काच्या) हिश्श्यावरून भाऊबंदांवर दावा लावला, तो वीस वर्षं चालला, शेवटी विलायतेत गेला आणि पणजोबा जिंकले. आजी सांगायची, "विलायतेहून निकाल आला त्या दिवशी गावजेवण घातलं होतं." गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं.

हातात काय आहे? एक फाटका मोडी कागद, ज्याला बाबा 'हुकूमनामा' (कोर्टाने निकालानंतर काढलेला आदेश) म्हणतात, आणि एक चिठोरा. चिठोऱ्यावर फक्त 'नं. ३१२ सन १८९२'. ई-कोर्ट्सच्या साइटवर नंबर टाकला, नाव टाकलं, काही नाही. गुगलवरही नाही. सुरुवात कुठून करू? आणि विलायतेत गेला असेल तर ते कागद घरबसल्या मिळतात का?

---

दुपारचा_चहा

वाचतोय. आमच्याकडेही असाच एक दावा आहे, फक्त तो अजून चालू आहे.

---

निवृत्त_शिरस्तेदार

ताई, ई-कोर्ट्समध्ये शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे संगणकीकरण झाल्यानंतरचे आणि त्या वेळी प्रलंबित असलेले दावे आहेत. सोळा अंकी सीएनआर नंबर ज्याला मिळाला तेवढंच तिथे सापडतं. १८९२ च्या दाव्याला तो कोण देणार?

दुसरं, नुसता नंबर निरुपयोगी आहे. प्रत्येक कोर्टात दर वर्षी नंबर एकपासून सुरू होतो. म्हणजे ३१२/१८९२ हा राजापूरलाही असेल, चिपळूणलाही असेल आणि देवरुखलाही. आधी कोर्ट ठरवा, मग नंबर, आणि नाव सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

तिसरं, तुमचं गाव आज कुठल्या जिल्ह्यात आहे ते नीट बघा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, त्याआधी मालवण-वेंगुर्ला सगळं रत्नागिरीतच. आणि गाव सावंतवाडी संस्थानात असेल तर गोष्टच निराळी, तिथली कोर्टं संस्थानची होती.

मी तीस वर्षं रेकॉर्डमध्ये काढली आहेत. कोर्टातल्या फाईलचे ए, बी, सी, डी असे भाग पाडतात. 'ए'मध्ये निकाल आणि हुकूमनामा राहतो, तो कायमचा जपायचा. बाकीचं ठरल्या मुदतीनंतर फाडायचं. त्यासाठी १९१७ चा कायदाच आहे. दाव्याची खरी मजा असते रोजनाम्यात. कोणत्या तारखेला कोण हजर, कोण गैरहजर, तहकूब का, सगळं त्यात. पण इतका जुना रोजनामा मिळाला तर नशीब समजा.

---

काळा_डगला

काकांना +१. कोर्ट ठरवण्याबद्दल थोडी भर घालतो. १८६९ च्या बॉम्बे सिव्हिल कोर्ट्स ॲक्टनंतर खाली दुय्यम न्यायाधीश (लोकांच्या भाषेत सबजज्ज), त्यात फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास, वर जिल्हा न्यायाधीश आणि त्यावर मुंबई हायकोर्ट. हायकोर्ट सुरू झालं १४ ऑगस्ट १८६२ ला. त्याच्या दोन बाजू आहेत. मुंबई शहरातले दावे थेट जातात ती ओरिजिनल साइड, आणि मोफसलातली (शहराबाहेरच्या जिल्ह्यांतली) अपिलं येतात ती अपेलेट साइड. तुमचं काही असलंच तर अपेलेट साइडला असणार, तेही बहुधा सेकंड अपील म्हणून.

आता छापील रिपोर्ट, म्हणजे निकालांचे संग्रह. १८६२ ते १८७५ साठी बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स, १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका (आयएलआर बॉम्बे), १८९९ पासून बॉम्बे लॉ रिपोर्टर, १९१४ पासून ऑल इंडिया रिपोर्टर (एआयआर). आयएलआरचे बरेच जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन होऊन पडले आहेत, फुकट.

पण गैरसमज नको. ज्या निकालात कायद्याचा काही नवा मुद्दा होता तेवढेच या रिपोर्टांत छापले गेले. हजारो दावे आले आणि गेले, त्यांचा छापील मागमूस नाही. त्यामुळे सापडलं नाही म्हणजे खटला झालाच नाही, असं नव्हे.

विलायतेबद्दल मला शंका आहे. प्रिव्ही कौन्सिलात (लंडनमधल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टात) जायचं तर दिवाणी कायद्याप्रमाणे दाव्याची किंमत निदान दहा हजार रुपये लागायची, नाहीतर हायकोर्टाने 'हे प्रकरण योग्य आहे' असं प्रमाणपत्र द्यायला हवं. १८९० च्या दशकात दहा हजार! खोतीचा हिस्सा किती मोठा होता?

---

तांबडी_माती

हिश्श्याचं काही माहीत नाही. आजीच्या म्हणण्याप्रमाणे 'अर्धं गाव'. पण आजीच्या हिशोबात सगळंच अर्धं गाव असायचं.

---

गोट्या_पेंटर

दहा हजार नसतील, पण जेवण तर झालं ना? मग दावा जिंकलाच की. हुकूमनामा पचला.

---

मोडीवेडा

तो कागद इथे टाका, नुसता फोटो चालेल. सावलीत, उजेड एका बाजूने घेऊन काढा, फ्लॅश नको.

नाव शोधण्याबद्दल एक महत्त्वाचं. त्या काळच्या मुंबई इलाख्यातल्या दाव्यांत आडनाव असेलच असं नाही. 'रामा बिन कृष्णा', 'लक्ष्मी कोम विठ्ठल', मुसलमान असेल तर बरेचदा 'वलद'. बिन किंवा वलद म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. तुम्ही आडनाव टाकून आयुष्यभर शोधलंत तरी आयएलआरमध्ये पणजोबा सापडणार नाहीत, कारण तिथे ते फक्त त्यांच्या वडिलांचे बिन असतील.

त्यात इंग्रज कारकुनाचं स्पेलिंग. विठ्ठलमध्ये कधी एक टी, कधी दोन, कधी सुरुवातच डब्ल्यूने. नारायणच्या शेवटी कधी ए, कधी ई. बळवंत आणि बुलवंत हा एकच माणूस. त्यावर स्कॅनमधून अक्षरं ओळखणाऱ्या यंत्राने आणखी तोडमोड केलेली असते.

---

काळा_डगला

मोडीवेडा, अगदी बरोबर. आणि अपिलात नावं उलटतात. खाली हरला तो वर अपीलकर्ता म्हणून आधी छापला जातो, मग वादी कोण होता ते शीर्षकावरून कळत नाही. शिवाय शीर्षकात पहिलंच नाव, बाकीचे 'व इतर'. भाऊबंदकीच्या दाव्यात आपला माणूस हमखास त्या 'इतर'मध्ये असतो. म्हणून माणसाऐवजी गावाचं नाव टाकून शोधावं, तेही जुन्या स्पेलिंगने.

---

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत असते. इथे खटल्याच्या रोजनाम्याला डॉकेट म्हणतात आणि फेडरल कोर्टांचे डॉकेट पेसर नावाच्या सरकारी प्रणालीवर दिसतात, पानाला दहा सेंट. लोकांनी एकदा विकत घेतलेली पानं कोर्टलिसनर नावाच्या साइटवर फुकट साठवली जातात, तेही छान आहे. इंग्लंडचं तर काय सांगावं! लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे जवळपास दोन लाख खटले ऑनलाइन, शब्द टाकून शोधता येतात. चोरलेल्या रुमालाच्या रंगापर्यंत. आपल्याकडे हे कधी होणार? आपल्याला इतिहासाची किंमतच नाही.

---

निवृत्त_शिरस्तेदार

ताई, राग मानू नका, पण पेसरवर १८९२ चा खटला मिळतो का?

---

सातासमुद्रापार

नाही. 😀 जुने कागद नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, खोक्यांत. तिथेही आधी कोर्ट आणि खटल्याचा नंबर विचारतात. म्हणजे काकांचाच नियम.

---

पेठेतला_भुंगा

ओल्ड बेलीचं उदाहरण सगळेच देतात, पण ऑनलाइन आहेत ती तिथल्या खटल्यांची छापून विकली जाणारी वृत्तांतपत्रं. कोर्टाची फाईल नव्हे. म्हणजे आपल्या आयएलआरसारखंच, फक्त जास्त चटकदार. लोकांना वाचायला काय आवडेल ते बघूनच छापलं जायचं, निदान सुरुवातीला.

छापील रिपोर्ट आणि खरा खटला यांत किती अंतर असतं याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे रखमाबाई. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, आयएलआर ९ बॉम्बे, पान ५२९. बायकोने नांदायला यावं म्हणून नवऱ्याने, दादाजीने, लावलेला दावा न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये फेटाळला. पुढच्या वर्षी अपिलात तो निकाल फिरला, ते आयएलआर १० बॉम्बे, पान ३०१. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करेन म्हणून सांगितलं.

आता शेवट काय झाला? १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड. हे तुम्हाला त्या दोन छापील निकालांत सापडणार नाही, कारण तडजोडीत कायद्याचा मुद्दा नसतो. त्यासाठी वर्तमानपत्रं लागतात, पत्रं लागतात. नुसता लॉ रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटेल की बाई तुरुंगात गेली. प्रत्यक्षात त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या.

---

स्पष्टवक्ता७

आणि त्या वेळी केसरी कोणाच्या बाजूने होता तेही सांगा की.

---

पेठेतला_भुंगा

सांगतो ना, रखमाबाईंच्या विरोधात. लपवण्यासारखं काय आहे? पण तो वेगळा धागा.

---

स्पष्टवक्ता७

वेगळा धागा म्हणजे विषय टाळणं. टिळकांना १९०८ साली सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली तेव्हा ज्युरीत किती हिंदी होते तेही मग वेगळ्या धाग्यात का?

---

काळा_डगला

नऊपैकी सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन. १० बॉम्बे लॉ रिपोर्टर, पान ८४८. टिळकांचा १८९७ चा खटला आयएलआर २२ बॉम्बे, पान ११२. दोन्ही सहज मिळतात. आता खोतीकडे वळूया का?

---

दुपारचा_चहा

स्पष्टवक्ता७ यांच्या कुठल्याही धाग्याची अपेलेट साइड केसरीतच असते. (ह. घ्या.)

---

कोर्टाची_पायरी

खोतीकडे वळते. त्या काळात रत्नागिरीत खोतीचे दावे एवढे का होते हे लक्षात घ्या. १८८० चा खोती कायदा आला, सर्व्हे झाला, कोणत्या कुळाचा काय हक्क, किती देणं ते बोटखतात लिहिलं गेलं. एकदा कागदावर आलं की भांडणाला धार येते. खोतांच्या आपसातल्या भांडणात बहुतेक वेळा वाद असायचा वहिवाटीच्या पाळीचा. यंदा कोणी वसूल करायचा, गेल्या पाळीचा हिशोब कोणी द्यायचा. तेव्हा कोर्टाचा कागद मिळाला नाही तर महसूल खात्यात गावाचं बोटखत मिळतंय का ते विचारा. त्यात हिस्सेदारांची नावं मिळू शकतात, मग बिन-वलदचा घोळ सुटतो.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मी महिनाभर बसले होते. तिथे ज्युडिशियल डिपार्टमेंटचे खंड आहेत. पण त्यात सरकारचा पत्रव्यवहार आहे, कोणा खासगी पक्षकाराची फाईल नाही. मला हे समजायला पंधरा दिवस लागले. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटलवरही तेच, शोधायला सुंदर, पण ते सरकारी कागद. तुमच्या पणजोबांनी गव्हर्नरकडे अर्ज केला असेल तरच ते तिथे भेटतील.

---

माहितीचा_हक्क

एवढं कशाला? कोर्टात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

---

काळा_डगला

नाही चालणार. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय, न्यायालयीन फाईलची नक्कल हवी तर कोर्टाच्या नियमांनुसारच अर्ज करायचा, माहिती अधिकारातून नाही. त्रयस्थ माणसाने कारण द्यायचं, प्रतिज्ञापत्र जोडायचं. ताई वारस आहेत, त्यांना कारण सांगणं सोपं आहे.

---

माहितीचा_हक्क

हे पटत नाही, पण ठीक.

---

आडवाटेचा_वाटसरू

मी असा अर्ज केला होता. कोर्टाचं नाव सांगत नाही. तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा 'साहेब रजेवर', दुसऱ्यांदा 'रेकॉर्ड रूमची किल्ली ज्याच्याकडे आहे तो निवडणूक ड्युटीवर', तिसऱ्यांदा आत नेलं. बासनं पाहिली. लाल फडकं होतं, आतला कागद वाळवीने जाळीदार केलेला. नंबर शाबूत, मजकूर गायब. कारकून बिचारा माझ्यापेक्षा जास्त हळहळला. चहा पाजला त्याने.

---

मोडीवेडा

तांबडी_माती, फोटो पाहिला. सुंदर अक्षर आहे, वाचायला अर्धा तास लागला.

एक, हा हुकूमनामा नाही. ही दरखास्तीतली नोटीस आहे. दोन, ३१२ हा दाव्याचा नंबर नाही, दरखास्तीचा आहे. कागदाच्या माथ्यावरच लिहिलंय, शके १८१४ पण आहे. तीन, कोर्ट देवरुखचं आहे. चार, आणि इथे जरा बसून घ्या, नोटीस तुमच्या पणजोबांवर काढलेली आहे. म्हणजे दरखास्तीत ते प्रतिवादी.

---

निवृत्त_शिरस्तेदार

वा, मोडीवेडा! हेच राहिलं होतं. नव्या मंडळींसाठी सांगतो, दाव्याचा हुकूमनामा झाला की समोरचा आपणहून पाळत नाही, तेव्हा जिंकलेला माणूस अंमलबजावणीसाठी दरखास्त लावतो. तिचं रजिस्टर वेगळं, नंबर वेगळा. दरखास्तीच्या रजिस्टरात मूळ दाव्याचा नंबर लिहिलेला असतो. ताई, आता धागा हाती लागला. देवरुखचं जुनं रेकॉर्ड कुठे ठेवलंय ते जिल्हा कोर्टात विचारा.

---

गोट्या_पेंटर

म्हणजे पणजोबा हरले होते?? मग गावजेवण कशाचं?

---

तांबडी_माती

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

---

तांबडी_माती | तीन महिन्यांनंतर

धागा वर काढतेय. उशीर झाला, चकरा झाल्या. पण मिळालं.

दरखास्त रजिस्टर मिळालं, त्यावरून मूळ दावा मिळाला, १८८७ चा. वाद वहिवाटीच्या पाळीचाच होता, 'कोर्टाची_पायरी' म्हणाल्या तसा. दावा पणजोबांच्या चुलतभावाने लावला होता. पणजोबा प्रतिवादी नंबर २, म्हणजे काळा डगला यांच्या भाषेत 'व इतर'. खाली ते हरले. जिल्हा कोर्टात अपील केलं, तिथेही हरले. हायकोर्टाचं नावही फाईलमध्ये कुठे नाही, मग विलायत तर दूरच. दाव्याची किंमत बाराशे रुपये.

शिरस्तेदार काका, नशीब होतं. दरखास्तीचा रोजनामा शाबूत आहे, का ते तिथल्या लोकांनाही सांगता आलं नाही. दोन वर्षांच्या तारखा. 'वादीचे वकील आजारी, तहकूब.' 'प्रतिवादी २ गैरहजर, घरी लग्न.' (हे लग्न माझ्या आजोबांच्या आत्याचं असावं, साल जुळतं.) 'तहकूब.' 'तहकूब.' एका तारखेला नुसतं 'पाऊस' लिहिलंय. आणि शेवटची नोंद, दोन्ही पक्षांनी तडजोड पुर्सिस (तडजोड झाल्याचं लेखी निवेदन) दाखल केली, पाळी एक वर्षाआड वाटून घेतली, दरखास्त निकाली. खाली दोन्ही चुलतभावांच्या सह्या. पणजोबांची सही मी पहिल्यांदा पाहिली.

गावजेवणाचं कोडं बाबांनीच सोडवलं. ते म्हणाले, तडजोड झाली तर दोन्ही घरांनी मिळून घातलं असेल, म्हणून तर गावाने लक्षात ठेवलं.

आणि विलायत? जिल्हा कोर्टाच्या निकालाखाली जज्जाची सही आहे, इंग्रज साहेबाची. 'विलायती साहेबाने निकाल दिला'चं आजीपर्यंत येताना काय झालं असेल ते मला दिसतंय.

---

निवृत्त_शिरस्तेदार

'पाऊस' वाचून डोळे भरून आले. कोकणातल्या कोर्टात ते पुरेसं कारण होतं.

---

काळा_डगला

नक्कल साक्षांकित घेतलीत ना? नुसता मोबाइलवरचा फोटो नको.

---

तांबडी_माती

घेतली. दोन प्रती. एक त्या चुलतभावाच्या पणतूला दिली, शेजारच्याच घरात राहतो. त्यांच्याकडची गोष्ट अशी आहे की दावा विलायतेत गेला आणि *त्यांचे* पणजोबा जिंकले.

---

दुपारचा_चहा

मग आता अपील करा.